दुरुस्त वाक्य पाच वेळा लिहा

एका मुलीच्या निबंधातल्या एका शब्दाभोवती मी फोनवर बोटाने लाल वर्तुळ काढलं होतं.  ते आठवलं की अजूनही, कुकरच्या शिट्ट्या मोजत असले तर मोजणं विसरते. सत्तावीस वर्षं मी मराठी शिकवतेय आणि चुका काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असा माझा तोरा होता. आमचे हे तर म्हणायचे, लग्नपत्रिका आली की ही आधी लाल पेन शोधते. तो तोरा करोनाच्या वर्षी उतरला.

आमची शाळा नाशिकला सिडकोत आहे, मराठी माध्यमाची. मार्च महिन्यात आम्ही नववीच्या पोरांना ‘पंधरा दिवसांनी भेटू, दंगा करू नका’ असं सांगून घरी धाडलं आणि जूनमध्ये ती पोरं आमच्या हातातल्या फोनमध्ये दहावीला बसली. मला फोन म्हणजे बोलायची वस्तू, एवढंच ठाऊक होतं. पहिल्या तासाला अठ्ठेचाळीसपैकी अकरा जण आले. एकाच्या घरातला फिरता पंखा दिसत होता, एकीची आई भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती, आणि एकाने मला विचारलं, ‘मॅडम, तुमचं फक्त कपाळ दिसतंय, चालेल का?’ मी तिसऱ्या दिवशी तो प्रकार बंद केला. ज्याच्या घरी एकच फोन आणि तोही बापाबरोबर बाहेर, त्याला समोर बसवणार तरी कसं!

मग मी माझी पद्धत बसवली. सकाळी ग्रुपवर माझ्या आवाजात धडा टाकायचा, पोरांनी तो सवडीने ऐकायचा, वहीत गृहपाठ लिहायचा आणि फोटो काढून पाठवायचा. मी फोटोवरच बोटाने लाल खुणा करून तो परत धाडायची. पुढचा नियम माझा जुनाच होता, नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचा. खूण जशीच्या तशी वहीत लाल पेनाने उतरवायची आणि खाली दुरुस्त वाक्य पाच वेळा लिहायचं. शाळा बंद पडली तरी माझा नियम बंद पडणार नव्हता. पोरं टंगळमंगळ करायला लागली तेव्हा मी ग्रुपवर दम भरला, ‘सलग तीन दिवस गृहपाठ आला नाही तर हजेरीतून नाव कमी होईल.’ तसं नाव कमी करण्याचा अधिकार मला नव्हता, पण पोरांना काय माहीत! रोज संध्याकाळी आम्हाला एक लिंक भरावी लागायची, आज किती विद्यार्थी शिकले म्हणून. फोटो आला की मूल शिकलं, असा हिशेब सगळ्यांनीच धरला होता. मीही तोच धरला.

या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील शाळेची रिक्षा चालवायचे, आमच्याच फाटकाशी सकाळी दहा-बारा पोरं उतरवायचे. शाळा बंद झाली तशी रिक्षा बंद झाली आणि ते त्याच रिक्षात कांदे-बटाटे घालून गल्लोगल्ली फिरायला लागले. मुलगी डोक्याने तल्लख, जिभेने त्याहून तल्लख, पण अक्षर असं की वही उघडली की माझं डोकं फिरायचं. नववीचं अख्खं वर्ष मी तिला अक्षरावरून धारेवर धरलं होतं. ती नुसती हसायची. ‘मॅडम, तुम्हाला वाचता येतंय ना, मग झालं की!’

जुलै उजाडला आणि चमत्कारच झाला. या मुलीचा गृहपाठ रोज सकाळी आठाच्या ठोक्याला, सगळ्यांच्या आधी यायला लागला. अक्षर गोल, टपोरं, सरळ. पानाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिलेलं. शिरोरेषा तर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने मारलेली, म्हणजे आधी सगळी अक्षरं लिहायची आणि मग वरून रेघ ओढायची, आमच्या लहानपणी खेड्यातल्या शाळेत शिकवायचे तसं. फोटोखाली निरोप असायचा, ‘बाई, गृहपाठ पाठवला आहे. चूकभूल माफ असावी.’ आमच्या शाळेत पोरं मला मॅडम म्हणतात. ही एकटी बाई म्हणायला लागली, तर मला वाटलं, घरात बसून पोरीला वळण लागलं.

आणि मी काय केलं? मी हुरळले. रोज तिला आवाजात निरोप धाडायला लागले. ‘शाब्बास माझ्या बाळा! किती सुंदर लिहिलंस.’ तिची पानं ग्रुपवर टाकून बाकीच्यांना सुनावलं, ‘बघा, याला म्हणतात अभ्यास.’ मुख्याध्यापकांनी फोनवर घेतलेल्या बैठकीतही मी तिचंच उदाहरण दिलं. टाळेबंदीने एक तरी पोर सुधारलं, असं मी चारचौघांत म्हणाले. ते वाक्य आता आठवलं की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गणपती उठल्यावर मी निबंध घातला. दरवर्षी आम्ही ‘शाळा नसत्या तर’ असा कल्पनेचा निबंध घालतो आणि पोरं खुशाल मजेत लिहितात. त्या वर्षी कल्पनेची गरजच नव्हती. मी विषय दिला, ‘शाळा बंद झाली तेव्हा’. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिचा निबंध आला. त्याची सुरुवात मला पाठ आहे.

‘शाळा बंद झाली तेव्हा मी सातवीत होते. मला वाईट वाटले पण मी कोणाला सांगितले नाही. मी पाणी भरायला जात असे तेव्हा शाळेची घंटा ऐकू येत असे. घंटा झाली की माझे पाय आपोआप भरभर चालत. मग लक्षात येई की आता कुठे जायचे नाही. मी माझी पाटी पुसून ठेवली होती.’

पुढे दीड पान होतं. मी पहिल्या ओळीवरच थांबले. शाळा मार्चात बंद झाली तेव्हा ही नववीत होती, सातवीत कुठली? कुठल्या तरी गाइडातून उतरवलं असणार, असं मी धरून चालले. ‘सातवीत’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि बाजूला लिहिलं, ‘चूक. तू नववीत होतीस. डोळे उघडे ठेवून लिही.’ घंटेच्या वाक्याखाली रेघ मारली. ‘शाळा बंद असताना घंटा कशी वाजेल? कल्पना तर्काला धरून हवी.’ दहापैकी सहा दिले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या पानाचा फोटो आला. माझं वर्तुळ लाल शाईने तंतोतंत उतरवलेलं, ‘चूक’ हा शब्दही तिनेच लाल पेनाने लिहिलेला. खाली पट्टीने रेघा मारून पाच वेळा एकच वाक्य होतं. ‘शाळा बंद झाली तेव्हा मी नववीत होते.’ मी शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र धाडलं आणि पुढच्या वहीकडे वळले.

जानेवारीत नववी-दहावीचे वर्ग उघडायचं ठरलं. फाटकाशी पोरांच्या कपाळावर तापमापक धरणारा शिपाई, एका बाकावर एक मूल, आणि हातात पालकांचं संमतीपत्र. पहिल्या दिवशी वीस आले, आठवड्यात पस्तीस झाले. न येणाऱ्यांसाठी ग्रुप चालूच होता. ही आली नाही. गृहपाठ मात्र आठाच्या ठोक्याला हजर! मी विचारलं, ‘संमतीपत्र कुठे आहे?’ उत्तर आलं, ‘बाई, घरी अडचण आहे.’ फोन लावला तर उचलेना. तिसऱ्यांदा कापला गेला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं डोक्यावर घेतलं त्या पोरीला आणि आता शाळेत यायला हिला अडचण! दहावीचं वर्ष, परीक्षा तोंडावर. शाळा सुटल्यावर मी थेट तिचं घर गाठलं.

दोन खोल्यांचं घर, दाराला पडदा. मी हाक मारणार तोच आतून माझाच आवाज ऐकू आला. ‘...आता पान चोपन्न काढा आणि माझ्याबरोबर वाचा.’ सकाळी मी ग्रुपवर टाकलेला धडा. मनात म्हटलं, सापडली! आणि पडदा बाजूला केला.

आत ती मुलगी नव्हती. तिची आई जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर पाटावर वही, वहीवर पट्टी, तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन. एका बाजूला अर्धा सोललेला लसूण. माझ्या आवाजाबरोबर तिचं बोट पुस्तकातल्या ओळीवरून सरकत होतं आणि ओठ हलत होते. मला पाहिलं आणि ती ताडकन उठून उभी राहिली, वर्गात बाई आल्यावर मुली उभ्या राहतात तशी. हात बाजूला, मान खाली. फोनमध्ये मी बोलतच होते.

 वहीवरचं ‘श्री’ दिसलं, अक्षरं दिसली. ओळ अर्धीच झाली होती, वरची रेघ अजून मारायची होती. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मी पोरांना इतकी वर्षं वाक्यात उपयोग करून दाखवत आले होते. त्या दिवशी मला दाराची चौकट धरावी लागली.

‘मुलगी कुठंय?’ मी विचारलं.

‘येवल्याला हाय, बाई. माझ्या बहिणीकडं.’

‘कधीपासून?’

‘जून सरता सरता गेली.’

जून! मी मनातल्या मनात महिने मोजले. सात महिने मी रोज त्या लिंकवर हिची हजेरी भरत होते. सात महिने मी जिला बाळा म्हणत होते ती बाई माझ्यासमोर उभी होती. वय असेल तेहेतीस-चौतीस.

‘बसा ना बाई,’ ती म्हणाली, पण स्वतः बसेना. मी खाली बसले तेव्हा कुठे बसली. मग तिने सांगितलं. रिक्षा बंद झाली, घरात खायची मारामार. येवल्याच्या बहिणीचा पैठणीचा माग, तिच्याकडची कामाची माणसं गावाला निघून गेलेली. रेशमाचा धागा गुंडाळून कांड्या भरायला हाताखाली कुणी तरी हवं होतं. दोन महिन्यांसाठी म्हणून पोरीला धाडलं.

‘अन् तुम्ही ग्रुपवर टाकलं, तीन दिवस नाय आलं तर नाव कटंल. म्या घाबरले. पोरीची दहावी जायची. म्हटलं, ती यायस्तोवर आपुन लिहू.’

‘मला सांगायचं ना!’ मी ओरडलेच. ‘एक फोन करायचा मला!’

‘करणार व्हते, बाई. पण पहिल्याच दिशी तुम्ही म्हणाल्या, शाब्बास माझ्या बाळा.’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘म्या ते लय येळा ऐकलं. हे बाहेर गेले की लावायचे अन् ऐकायचे.’

मला वाटलं, एवढंच असेल. हेही काही थोडं नव्हतं. मी उठायला लागले, तर तिने माझ्या हाताला धरलं आणि घाईघाईने बोलायला लागली, जसं काही आता थांबली तर पुन्हा तिच्याने बोलवणार नाही.

‘बाई, पोरगी दिवाळीला येत व्हती. म्हणाली, आई, मावशीचं काम आता दुसरी करंल, मी येते. म्याच म्हटलं, ऱ्हा अजून. मग म्हणाली, फोन तरी धाड यष्टीच्या डायवरबरोबर, हितनं अभ्यास करते. म्या शेजारच्या फोनवरनं सांगितलं, आपला फोन बिघडला.’

‘बिघडला होता?’

‘नाय.’

‘मग?’

‘फोन दिला असता तर शाळा गेली असती, बाई.’

‘कुणाची शाळा?’

तिने वही जवळ ओढली. ‘माझी,’ म्हणाली.

 या बाईने स्वतःच्या पोटच्या पोरीचं दहावीचं वर्ष दाबून ठेवलं होतं. पोरीचं नाव कटू नये म्हणून सुरू केलं आणि मग पोरीलाच बाहेर ठेवून तिच्या जागी आपण बसली. मला भयंकर राग आला. आणि त्याच वेळी मला दिसत होतं की हे सात महिने मी कौतुक करकरून तिला तिथे बसवून ठेवलं होतं. माझ्या एका तरी निरोपात ‘बाळा, तुझा चेहरा तरी दाखव’ असं असतं तर! पण मला चेहरा नको होता, मला अक्षर हवं होतं.

‘आत्ताच्या आत्ता फोन लावा तिला,’ मी म्हटलं. ‘मला ऐकू येईल असा.’

तिने बहिणीचा नंबर लावला. पलीकडे मुलीनेच उचलला. नंबर बघितला असणार, कारण हॅलोच्या आधी तिचा आवाज आला, ‘आई! फोन नीट झाला?’

किती आनंद होता त्या आवाजात! आईने डोळे मिटून घेतले. ‘झाला,’ म्हणाली. ‘तू ये उद्या.’ मी तिथे आहे, हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

निघताना मी तो निबंध मागितला. तिने ती वही काढली आणि पान लगेच उघडून दिलं, बोट घालून ठेवल्यासारखं. मी पहिल्यांदा ते दीड पान शेवटपर्यंत वाचलं. त्यात करोना नव्हता, मास्क नव्हता. शेवटी लिहिलं होतं, ‘शाळा सगळ्यांची चालू होती. माझीच बंद झाली.’

‘हे पाच वेळा लिहिताना तुम्हाला काही वाटलं नाही?’ मी विचारलं.

‘वाटलं ना,’ ती म्हणाली. ‘चौथ्या येळेला वाटलं, असंल बी. असंल मी नववीत.’

मी चालत घरी आले. सिडकोतल्या सगळ्या चौकांतून रोजच्यासारखी वाहतूक चालू होती आणि मी एका ठिकाणी सिग्नल सुटून गेला तरी उभीच होते. आमचे हे म्हणाले, ‘काय झालं? कुणी गेलं का?’ त्या दिवसांत उशीर झाला की पहिला प्रश्न तोच असायचा. मी नाही म्हटलं आणि जेवले नाही.

मुलगी तिसऱ्या दिवशी शाळेत आली. उंची वाढली होती, बोटांच्या पेरांवर रेशमाच्या धाग्याने पडलेले बारीक चरे होते. आईने तिला सगळं सांगितलं होतं आणि ती आईशी एक शब्द बोलत नव्हती. तिच्या वडिलांनी मला फाटकाशी गाठून विचारलं, ‘मॅडम, घरात काय झालंय? दोघी तोंडं फिरवून बसल्यात.’ त्यांना लिहिण्या-वाचण्यातलं फारसं कळत नव्हतं, बायको फोनवर पोरीच्या शाळेचं काही तरी करते एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘बोलतील.’ मला स्वतःला खात्री नव्हती.

खरा पेच पुढे होता. परीक्षेला थोडे दिवस, आणि मुलीकडे अभ्यासाला काही नाही, आईच्या वह्या सोडून. गणिताच्या सरांनी तिला जादा वेळ दिला, इतिहासाचं मी बघितलं, पण मराठीचं, आणि बाकीच्या शिक्षकांनी ग्रुपवर दिलेलं विज्ञानाचं, भूगोलाचं सगळं त्या गोल टपोऱ्या अक्षरात होतं. पहिले काही दिवस तिने त्या वह्या उघडल्याच नाहीत. दप्तरात आणायची आणि तशाच परत न्यायची.  बोलायला मला तोंडच नव्हतं.

त्या वर्षी पुढे दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीच्या आणि शाळेतल्या कामाच्या आधाराने सगळ्यांना गुण मिळाले, तीही पास झाली. पण फेब्रुवारीत हे कुणाला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं आपण नापास होणार, आणि मला वाटत होतं की तसं झालं तर ते माझ्याच डोक्यावर.

महिना सरत आला होता. शाळा पुन्हा बंद होणार अशी कुणकुण होती. मधल्या सुट्टीत मी वर्गातच डबा उघडून बसले होते. मुलगी माझ्या टेबलाशी आली, मास्क वर ओढला आणि निबंधाची वही माझ्यासमोर ठेवली. ते पान उघडलेलं होतं.

‘मॅडम, हे वाचलं मी काल,’ ती म्हणाली.

मी डब्याचं झाकण लावलं.

‘हे तुम्ही चूक दिलंय.’ तिने वर्तुळावर बोट ठेवलं. ‘चूक नाहीये. आई सातवीतच होती. सायखेड्याला आमचं आजोळ आहे, तिथंच तिला काढली शाळेतून. अन् हे घंटेचं पण बरोबर आहे. आजोळच्या घरामागंच शाळा आहे. मी सुट्टीत जाते तेव्हा मला पण ऐकू येते.’

आपलं सबंध वर्ष बुडवणाऱ्या आईची बाजू घेऊन ती पोर माझ्याशी भांडायला आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्यावर मनापासून चिडली होती. 

‘खोडा ना ते,’ ती म्हणाली.

मी पर्समधून लाल पेन काढलं. वर्तुळावर काट मारली, ‘चूक’वर काट मारली, घंटेखालच्या माझ्या शेऱ्यावर काट मारली. पाचही दुरुस्त वाक्यं एक-एक करून खोडली. वाक्याच्या समोर ‘बरोबर’ असं लिहिलं. घाईत माझंच अक्षर वेडंवाकडं आलं.

‘सही करा,’ ती म्हणाली. ‘नाही तर तिला वाटेल मीच लिहिलं.’

मी सही केली. तिने वही उचलली आणि शाई वाळावी म्हणून उघडीच धरून बाकावर जाऊन बसली.